पुराच्या पिशवीत आधी कोणाचा घास?

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. सांगलीतल्या शाळकरी मुलांनाही हे आकडे पाठ असतात. पाणी चाळिशीत शिरलं की घराघरांत आवराआवर सुरू होते. कागदपत्रं, दागिने, मुलांची दप्तरं, टीव्ही, गॅसची शेगडी, सगळं वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे. खाण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि तो बहुधा कोपऱ्यावरच्या दुकानातून उचललेल्या बिस्किटांच्या पुड्यांवर आणि फरसाणाच्या पिशवीवर संपतो. पुराच्या दिवसांत निवारा केंद्रांतल्या लोकांना तपासणारा डॉक्टर म्हणून आज मला याच पिशवीबद्दल लिहायचं आहे.

पहिली गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही पिशवी घरातल्या धडधाकट माणसांसाठी नसते. निवारा केंद्रात जेवण येतं. आपल्याकडे लोक मनाने मोठे आहेत. पूर आला की आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्या, चटण्या, खिचडीचे टोप घेऊन माणसं धावतात. सशक्त माणूस एखादा दिवस अर्धपोटी राहिला तर त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते इन्सुलिन घेऊन जेवणाची वाट बघत बसलेल्या काकांचं, कवळी घरी राहिलेल्या आजीचं, डायलिसिसवर असलेल्या शेजाऱ्याचं आणि आठ महिन्यांच्या बाळाचं. आलेलं जेवण त्यांना चालेलच असं नाही, आणि चालण्यासारखं असलं तरी ते वेळेवर येईलच असं नाही. म्हणून पिशवी भरायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यात नाजूक माणसापासून सुरुवात करा. बाकीच्यांचं त्यात आपोआप भागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. कृष्णा-पंचगंगेचा पूर चढायला वेळ घेतो, तयारीला एखादा दिवस तरी मिळतो. कोकणात तसं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी लोक झोपेत असताना बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला. १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडीची दरड रात्री आली. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी पिशवी मृग नक्षत्र लागण्याआधीच भरून दाराजवळ खुंटीला टांगून ठेवायला हवी. वेळ आल्यावर भरू, असं म्हणण्यासारखी वेळ तिथे येत नाही.

आता पाणी. मोठ्या माणसाला पिण्यासाठी दिवसाला साधारण तीन लिटर पाणी लागतं असं धरा. चार माणसांचं तीन दिवसांचं पाणी म्हणजे ३६ किलो ओझं. गुडघाभर पाण्यातून एका हातात मूल धरून ते कोणी नेऊ शकणार नाही. माणशी एक लिटरची बाटली घ्या, आणि बाकीच्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा क्लोरीनचं द्रावण सोबत ठेवा. गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. ते आधी वाचा, कारण एक लिटरची आणि वीस लिटरची अशा दोन्ही मिळतात. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून घ्या. बांगलादेशात साडीच्या जुन्या कापडाची चौपदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा त्या गावांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू सगळे मरत नाहीत. तुरटी फिरवली म्हणून क्लोरीन टाळू नका. उकळायची सोय असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरेसं आहे.

पाण्याचा हिशोब मनात ठेवला की कोणते पदार्थ घ्यायचे ते बरंच सोपं होतं. खारट फरसाण, वेफर्स, शेव, लोणचं, पापड हे सगळे तहान वाढवतात, आणि तिथे पाणीच मोजून प्यावं लागत असतं. दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सना गरम पाणी लागतं आणि त्यांच्या मसाल्याच्या पुडीत दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा असतो. ज्याला चूल लागते, जे भिजवायला तासभर जातो, जे खाऊन घसा कोरडा पडतो, ते पिशवीत नको.

मग हवं काय? आपल्या आजी-पणजीने प्रवासासाठी जे जे केलं, ते जवळपास सगळं इथे कामाला येतं. पातळ पोहे घ्या. ते थंड पाण्याच्या हबक्याने मऊ होतात, शिजवावे लागत नाहीत, गोड किंवा तिखट कसेही खाता येतात. भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळपापडी, कमी मिठाचं घरचं भडंग. सातूचं पीठ किंवा लाह्यांचं पीठ असेल तर फारच उत्तम; गूळ आणि स्वच्छ पाणी घालून कालवलं की पोटभर होतं आणि दात नसलेल्यालाही चालतं. सोलापूरकडची कडक भाकरी या कामासाठी मला सगळ्यात जास्त आवडते. तिच्यात ओल नसल्यामुळे ती नीट बांधून ठेवली तर खूप दिवस टिकते, साखरेच्या रुग्णाला चालते, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पूर्ण जेवण होतं. आयत्या वेळी घरात काही करायला तासभर मिळणार असेल तर दुधात भिजवलेल्या दशम्या करा. त्या दोन दिवस चांगल्या राहतात.

अंदाजासाठी सांगतो. एका माणसाला दिवसाला १५० ग्रॅम पातळ पोहे, १०० ग्रॅम शेंगदाणे आणि १०० ग्रॅम गूळ धरला तर साधारण १,४०० ते १,५०० कॅलरी मिळतात, शिवाय ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. वजन साडेतीनशे ग्रॅम. दोन-तीन दिवस काढायला एवढं पुरतं. बिस्किटांच्या पुड्यांत कॅलरी असतात, पण त्या बहुतेक मैदा, साखर आणि तेलाच्या. पोरांना दोन-चार बिस्किटं द्यायला माझी हरकत नाही, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण निवारा केंद्रात माझी सगळ्यात जास्त काळजी त्यांच्याभोवती असते. लोकांना वाटतं, पुरात जेवण गोड-भाताचं मिळेल, साखर वाढेल. वाढते, पण एक-दोन दिवस वाढलेल्या साखरेपेक्षा अचानक घटलेली साखर जास्त घातक असते. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन सवयीने घेतलं जातं, बोट यायला चार तास लागतात, केंद्रावर जेवण दुपारी तीनला येतं. मधल्या वेळात घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. आजूबाजूच्यांना वाटतं, घर बुडाल्यामुळे बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झालाय. आधी साखर घटली आहे का, हे बघा. ग्लुकोमीटर असेल आणि आकडा ७० च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटर नसेल पण लक्षणं दिसत असतील, तर लगेच तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात विरघळवून पाजायची. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर भाकरी, फुटाणे असं काहीतरी खायला द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर झोपवा आणि वैद्यकीय पथकाला हाक मारा. चॉकलेट, पेढा किंवा लाडू या कामाला निवडू नका. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाच्या पिशवीत साखरेची डबी हवीच. घरचे लोक ती काढून टाकतात, ‘यांना साखर बंद आहे’ म्हणून. कृपा करून काढू नका. तिच्याबरोबर फुटाणे, शेंगदाणे, कडक भाकरी ठेवा. हे रुग्ण रांगेत लाजतात, आपल्याला आधी वाढा असं सांगत नाहीत. घरातल्या तरुणांनी स्वयंसेवकांना स्पष्ट सांगावं की यांना इन्सुलिन चालू आहे, यांना वेळेवर खायला लागतं. जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसेल तेव्हा कोणती गोळी थांबवायची आणि इन्सुलिन किती कमी करायचं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते आपल्या डॉक्टरांकडून आजच एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या लहान भांड्यात, पाणी आत न जाईल असं बांधून ते ठेवता येतं. बर्फाला मात्र थेट टेकवू नका; गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांचं एका शब्दात सांगता येईल: मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढंही नको. फरसाण आणि लोणच्यावर तीन दिवस काढले तर ज्यांचं हृदय आधीच थकलंय, त्यांच्या पायांवर सूज येते, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो. त्यांच्या वाट्याला बिनमिठाचे दाणे, फुटाणे, पोहे-गूळ.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र वर सांगितलेलं बरंचसं चालत नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे जिवावर बेततं. पूर असताना डायलिसिस चुकतं. दोन डायलिसिसमधलं अंतर वाढलं की रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खजूर, केळी, शहाळं, गूळ, शेंगदाणे, डाळी, फळांचे रस या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. केंद्रात कोणी प्रेमाने केळं हातात ठेवतं, कोणी शहाळ्याचं पाणी पाजतं, कोणी अशक्तपणा वाटतो म्हणून ओआरएस देतं. त्यातही पोटॅशियम असतं. अशा रुग्णाच्या पिशवीत पोहे, साखर, तूप, बिनमिठाच्या लाह्या असं साधं, मोजकं अन्न ठेवावं. पाण्याचंही माप आखून घ्यावं, कारण वरचा तीन लिटरचा हिशोब त्यांना लागू नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार दोन्ही असतील तर ही पिशवी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरूच नका.

बाळांबद्दल. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या खाण्याची पिशवी म्हणजे त्याची आई. भीतीने, दगदगीने दूध आटतं अशी समजूत आहे. ताणामुळे दूध उतरायला वेळ लागू शकतो, पण बाळाला वारंवार पाजत राहिलं की ते येतं. आईला आडोसा, दोन शांत शब्द आणि पोटभर पाणी-जेवण द्या. कोणी पावडरच्या दुधाचा डबा आणून दिला म्हणून अंगावरचं तोडू नका. पावडर कालवायला किमान ७० अंशांचं गरम पाणी लागतं, बाटली उकळावी लागते, आणि पुराच्या ठिकाणी दोन्ही नसतं. तिथूनच जुलाब सुरू होतात. ज्या बाळाला आधीपासूनच पावडरचं दूध चालू आहे, त्याच्यासाठी त्याचाच डबा, थर्मासमध्ये उकळीचं पाणी आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा घ्या. सहा महिन्यांवरच्या बाळासाठी लाह्यांचं बारीक पीठ उकळून घेतलेल्या पाण्यात किंवा दुधात पातळसर कालवून द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा चिक्की देऊ नका. गर्दीत, रडता-रडता, पळता-पळता दाणा श्वासनलिकेत अडकतो, आणि पाण्याने वेढलेल्या गावातून दवाखाना लांब असतो.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मी पहिल्यांदा कवळी विचारतो. रात्री ती वाटीत काढून ठेवलेली असते आणि पहाटे घाईत तिथेच राहते. पुढचे दिवस ते चहात बुडवलेल्या बिस्किटावर काढतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पिशवीला बाहेरून चिठ्ठी चिकटवा: कवळी, चष्मा, औषधं. खाण्यात सातूचं पीठ, लाह्यांचं पीठ, मेतकूट, मऊ गूळपापडी. २०१९ चा महापूर ऐन श्रावणात आला होता, आणि श्रावण सोमवार, शनिवार धरणारी मंडळी केंद्रातही उपास सोडायला तयार नसतात. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून सांगतो: राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर उपासाला चालतात, तेवढे तरी खा. निर्जळी मात्र अशा दिवसांत करू नका.

बायकांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. केंद्रात संडास लांब असतो, अंधार असतो, रांग असते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, बद्धकोष्ठ, चक्कर. कोरडं खाणं आणि कमी पाणी यांनी हे आणखी वाढतं. गरोदर बाईसाठी तर हे धोक्याचं आहे. तुम्ही पाणी प्या, आणि रात्री सोबतीला चौघीजणी मिळून जा. केंद्र चालवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, जेवणाच्या टोपाइतकीच काळजी बायकांच्या संडासाच्या दिव्याची आणि कडीची घ्या.

ओआरएसची पाकिटं घरटी चार-पाच तरी ठेवा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती देऊन पाजायला लावलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हेच पाणी आज आपल्याला काही रुपयांत मिळतं. मोठं पाकीट नेमकं एक लिटर पाण्यात कालवा. अर्ध्या ग्लासात घट्ट करून देऊ नका, त्याने जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाजारात फळांच्या चवीची गोड पेयं तशाच दिसणाऱ्या खोक्यांत मिळतात, ती या कामाची नाहीत.

शिजवलेल्या अन्नाविषयी सावध राहा. घरून निघताना भात, उसळ, पनीर, ओल्या नारळाची चटणी बांधून घेऊ नका. भात उबदार हवेत चार-पाच तास तसाच राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो. त्याने तयार केलेलं विष भात पुन्हा तापवूनही जात नाही. केंद्रावर आलेली खिचडी कधी शिजवली, हे विचारायला संकोच करू नका. गरम वाफाळती असेल तर खुशाल खा. सकाळची खिचडी संध्याकाळी वाटली जात असेल तर लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्यांना देऊ नका. त्या वेळी तुमच्या पिशवीतले पोहे-दाणे कामाला येतील.

पिशवी माळ्यावर किंवा उंच खुंटीला ठेवा. प्रत्येक पदार्थ छोट्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा, आणि एका माणसाचा एका दिवसाचा वाटा एकत्र ठेवा, म्हणजे अंधारात शोधाशोध होत नाही. पावसाळ्यात दाणे लवकर सादळतात. खवट किंवा कुबट वास आला, बुरशी दिसली की टाकून द्या. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात यकृताला घातक अफ्लाटॉक्सिन असू शकतं. दर पंधरा दिवसांनी जुना ऐवज घरात खाऊन संपवा आणि नवा भरा. पुराचं पाणी पिशवीत शिरलं असेल तर न उघडलेला सीलबंद डबा सोडून बाकी अन्न खाऊ नका, वरून कोरडं दिसलं तरी. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं आणि शेतातली औषधं मिसळलेली असतात.

तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असेल, इन्सुलिनवर असेल किंवा रोज गोळ्यांवर अवलंबून असेल, तर या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना भेटा. पूर आला तर यांनी काय खायचं, कोणती औषधं कशी घ्यायची आणि डायलिसिसची पर्यायी सोय कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. सोबत किमान सात दिवसांची औषधं जादा घेऊन ठेवा. पोहे-गूळ कोणाच्याही घरी मिळेल. ही औषधं मात्र तुमच्या माणसाला दुसरं कोणी आणून देऊ शकणार नाही.